कळवळा येतो, तो 'दाखवत' नाहीत

नाशिकरोडच्या एका वाचकाने विचारलं आहे. त्यांच्या चर्चच्या पत्रकात 'आपल्या मंडळीने उपासनेत, सहभागितेत आणि गरजूंविषयी कळवळा दाखवण्यात पुढे असावे' असं वाक्य होतं. एका सभासदाने हरकत घेतली की 'कळवळा' हा टोमणा मारायचा शब्द आहे, तिथे 'करुणा' हवं. दुसऱ्याने विचारलं की माणसं एवढी, मग 'मंडळी' एकवचनी कशी?

मंडळीचं आधी उरकतो. शब्द स्त्रीलिंगी, एकवचनी, समूहवाचक. 'पाहुणेमंडळी आली' असं आपण रोज म्हणतो. ख्रिस्ती मराठीत मंडळी म्हणजे एका ठिकाणची श्रद्धावंत माणसं, इमारत नव्हे. म्हणूनच बायबलमधल्या पौलाच्या पत्रात 'गलतीयातील मंडळ्यांना' असं अनेकवचन येतं. मूळ ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजे नागरिकांची भरलेली सभा, तिथेही दगडविटांचा संबंध नाही. 'उपासना' म्हणजे जवळ बसणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता कळवळा. हा शब्द टोमण्याचा नाही, तो टोमण्याचा केला गेला आहे, आणि ते वाचून वाचून मी वैतागलो आहे. 'निवडणूक येताच शेतकऱ्यांचा कळवळा' असे मथळे वर्षानुवर्षं छापले जातात. तिथे जो शब्द हवा तो मराठीत आहे, तो म्हणजे 'पुळका'. पुळका अचानक येतो, कामापुरता असतो आणि ओसरतो. त्याचं काम कळवळ्याच्या गळ्यात मारल्यामुळे एका नितळ शब्दाची आता चर्चच्या पत्रकात लिहायलाही लाज वाटू लागली.

पत्रकातलं वाक्यही निर्दोष नाही. खटकतं ते 'दाखवण्यात'. दया येते आणि दया करताही येते. 'देवा, दया कर' हे बरोबर मराठी आहे. 'देवा, कळवळा कर' असं कोणी म्हणून बघा, जीभच वळणार नाही. कळवळा कोणाला तरी येतो किंवा असतो. तो ठरवून करता येत नाही, आणि दाखवायला लागलात की तो पुळकाच होतो. कोशांत 'कळवळा : दया, करुणा' असं एका ओळीत उरकलेलं असतं. अर्थ जवळचे आहेत हे मान्य, पण ज्या कोशाला हा क्रियापदाचा फरक नोंदवावासा वाटत नाही, त्याने शब्द मोजले आहेत, ऐकलेले नाहीत.

कळवळा येतो कसा? कळ येते तसा. पोटात कळ येते, माणूस भुकेने कळवळतो, विंचू चावल्यावर कळवळतो. माझ्या मते शब्दाचं मूळ इथे, शरीरात आहे: कळ, आणि तिच्यामुळे आतल्या आत वळणं, पिळवटणं. यावर मला नेहमी सांगितलं जातं की 'वळ' हा नुसता नादाचा जोड आहे, खळबळ-चुळबुळीसारखा. मला हे पटत नाही. खळबळीतल्या 'बळ'ला काही अर्थ नाही, पण वळणं ही खरोखर पोटात होणारी गोष्ट आहे. मुरडा येतो तेव्हा दुसरं काय होतं? आणि जे विद्वान याला संस्कृत 'कलकल' म्हणजे गलबल्याकडे नेतात, त्यांनी एकदा या शब्दाच्या शेजारपाजारी बघावं. कळकळ, तळमळ, हळहळ. जवळच मळमळ आणि जळजळ. पलीकडे 'पोटतिडीक', जिच्यात पोट आणि तिडीक दोन्ही उघड बसलेली आहेत. पोटात तुटणं, पोटात कालवणं, आतडी पिळवटणं हे त्याच गल्लीतले. मराठी माणसाला दुसऱ्याचं दुःख कळतं ते पोटात. मत्सरही तिथेच दुखतो, पण तो वेगळा विषय.

याहून आनंदाची गोष्ट पुढे आहे. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी भाषांतरात, गांजलेल्या, पांगलेल्या लोकांना पाहून येशूला 'त्यांचा कळवळा आला' असं आहे. येशूने सांगितलेल्या दाखल्यात, वाटेत अर्धमेला पडलेल्या माणसाला पाहून शोमरोन्यालाही (परक्या जमातीच्या वाटसरूला) तसाच. तिथलं ग्रीक क्रियापद आहे 'स्प्लांखनिझोमाइ'. ते 'स्प्लांखना'पासून झालं, आणि स्प्लांखना म्हणजे आतडी, काळीज, पोटातला सगळा ऐवज! नव्या करारात हे क्रियापद बारा वेळा येतं, तेही फक्त मत्तय, मार्क आणि लूक या शुभवर्तमानांत. शब्दशः मराठी करायचं तर 'त्याचं आतडं तुटलं'. लॅटिनवरून आलेल्या इंग्रजी 'कम्पॅशन' या शब्दात उरलं आहे ते 'सोबत सोसणं', आतडं गेलं. आपल्या भाषांतरात ती कळ टिकली आहे. मिशनऱ्यांचं मराठी कृत्रिम म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे वाचावं.

हिब्रूत हेच आणखी खोल आहे. 'रहमीम' म्हणजे करुणा आणि 'रेहेम' म्हणजे गर्भाशय, धातू एकच. अरबीतला 'रहम' त्याच कुळातला. तुकोबांनी 'ऐसी कळवळ्याची जाति । करी लाभाविण प्रीति' म्हटलं ते आईच्या चित्ताबद्दल, आणि पुढच्याच चरणात 'पोटी भार वाहे' आलं आहे. आई, पोट, कळवळा. शब्दाची नाती याहून स्पष्ट कशी दाखवायची?

आमच्या मंडळीत एका रविवारी उपासनेनंतर कोणीतरी सांगितलं की बांधकामावरून पडलेला एक मुलगा सरकारी दवाखान्यात एकटाच आहे, घरचे लांब आहेत. चपला घालता घालता एक मावशी म्हणाल्या, "आतडं तुटलं गं बाई माझं." संध्याकाळी त्या मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन वॉर्डात बसल्या होत्या. करुणा हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही.

आणि नाशिककरांना तर हा शब्द जवळचा असायलाच हवा. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवलं. शरण आलेल्यांचं गाव, नावातच आसरा. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. मे १८७३ मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी देह मायदेशी धाडायचं ठरवलं. त्याआधी काळीज आणि आतडी काढून तिथेच झाडाखाली पुरली, आणि दफनविधीची प्रार्थना वाचली ती या जेकबने. ग्रीक ज्याला स्प्लांखना म्हणतात, नेमकं तेच आफ्रिकेच्या मातीत राहिलं. मग देह खांद्यावर घेऊन दीड हजार किलोमीटरहून जास्त वाट चालत समुद्र गाठला. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीसोबत जेकबही होता. त्यांना हे करायला कोणी सांगितलं नव्हतं, पगार देणारा तर मेला होता. लाभाविण प्रीति ती हीच.

'करुणा' वाईट शब्द नाही, स्तोत्रात शोभतो. 'सहानुभूती' मात्र मला चालत नाही. तो इंग्रजीवरून बेतलेला शब्द आहे, आणि अनुभूती 'सह' झाली तरी पोटात काही हलत नाही. पत्रकात 'मंडळीला गरजूंचा कळवळा असावा' एवढंच लिहा.

सटाणा-मालेगावकडच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या अहिराणीत, परक्याच्या लेकराला उपाशी बघून घरची म्हातारी काय म्हणते, ते तिच्याच शब्दांत लिहून कळवा. त्यात पोट किंवा आतडं येतं का, हे मला बघायचं आहे.