आईच्या गोळ्या दादाने लपवल्या आहेत

प्रश्न : मी न्यू जर्सीत, आई बडोद्याला दांडिया बझारात दादा-वहिनीकडे. बाबा गेले तेव्हा झोप लागावी म्हणून डॉक्टरांनी पाव मिलिग्रॅमची अल्प्राझोलम दिली होती. चार वर्षं झाली, आता रोज अर्ध्याच्या दोन लागतात. परवा दादाने "हिला व्यसन लागलंय" म्हणत वैतागून पाकिटं कुलपात ठेवली. आई मला म्हणते, "तूच तिकडून पाठव." कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको. पण आधी दादाला फोन करा, आजच. रोजची ही गोळी एकदम तोडली तर घाम, हातांना कंप, झोपेचा पूर्ण खोळंबा इथवरच थांबत नाही. आकडी येऊ शकते, ती जिवावरही बेतते. कुलूप उघडून, डॉक्टरांना विचारून, भेट होईपर्यंत नेहमीचा डोस चालू ठेवायला सांगा. आकडी आली किंवा आई भ्रमिष्टासारखी बोलू लागली तर थेट १०८.

दादाचा राग मला कळतो. रोजचं सगळं तोच निस्तरतो, आणि आपण फोनवरून शहाणपण शिकवतो! म्हणून सुरुवात "तू काय केलंस हे" अशी करू नका.

आईला व्यसनी म्हणणं मात्र थांबवा. लिहून दिलेल्या डोसातही काही आठवड्यांत शरीराला या गोळीची सवय लागते. अल्प्राझोलमचा असर लवकर उतरतो, आणि उतरताना धडधड होते, जीव घाबरतो. आईला वाटतं जुनाच त्रास उसळला, म्हणून ती पुढची गोळी घेते. "त्याशिवाय मला जमत नाही" हे ती खरंच सांगतेय. तिच्याशी वाद घालून ती गोळी सुटणार नाही.

सुटते ती हळूहळू, मानसोपचारतज्ज्ञांच्या हाताखाली. अमेरिकेतल्या २०२५च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दर दोन ते चार आठवड्यांनी डोस ५ ते १० टक्के कमी करावा, अशी सुरुवात सुचवली आहे. म्हणजे महिने जाणार, कदाचित वर्षही. घाई नको, पण टाळाटाळही नको. या वयात अशा गोळीमुळे रात्री उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडण्याचा धोका वाढतो. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयही आहे, पण त्याचं नाव काढल्यावर "मी वेडी आहे का?" ऐकावं लागेल, तर सयाजीपासून सुरुवात करा.

तुमचं काम इथे सुरू होतं. वहिनींकडून घरातल्या सगळ्या पाकिटांचे फोटो मागवा, नावं नीट वाचा. आपल्याकडे नैराश्याच्या काही गोळ्यांतच क्लोनॅझेपाम, म्हणजे अल्प्राझोलमच्याच जातीची गोळी, मिसळलेली असते. आई दोन डॉक्टरांकडून एकाच जातीची औषधं घेत असेल आणि घरात कोणालाच पत्ता नसेल. गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा, दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. यादी डॉक्टरांना द्या आणि भेटीच्या वेळी व्हिडिओवर हजर राहा.

अल्प्राझोलम शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नियमांच्या सरकारी औषधयादीत येते. मेडिकलवाल्याने डॉक्टरांची चिठ्ठी पाहून, रजिस्टरमध्ये नोंद करून द्यायची असते. ओळखीचा असेल तर तो तसाच काढून देतो. दादाने त्याला भेटावं, पण "देऊ नका" म्हणायला नव्हे. "चिठ्ठीवर जेवढं लिहिलंय तेवढंच, आणि फक्त तुमच्याकडून" एवढं सांगायला.

आणखी एक गोष्ट फक्त तुम्हालाच जमेल. बडोद्यात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तुमच्याकडे आदल्या दुपारचे साडेचार असतात. आईचा जीव घाबरतो तेव्हा दादाला सकाळी कामावर जायचं असतं, तुम्ही जाग्या असता. तिला सांगून ठेवा, तेव्हा फोन कर. फोनवर गोळीचा हिशेब मागू नका. शेजारची बातमी, लोणच्याचं प्रमाण, काहीही चालेल. तुमचा फोन लागला नाही तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर तिथून चोवीस तास लागतो.

पार्सल मात्र करू नका. अमेरिकेत हे नियंत्रित औषध आहे, तुमच्या नावावर घेऊन कुणाला पाठवणं गुन्हा आहे. आईला तुमच्याकडे आणायचं असेल तर तिकिटाआधी डॉक्टरांना तारखा सांगा, इंग्रजीत सही-शिक्क्याची चिठ्ठी घ्या, गोळ्या मूळ पाकिटातच हँडबॅगेत ठेवा. दुबईत उतरून राहणार असाल तर तिथल्या सरकारची पूर्वपरवानगी लागते. आणि प्रवासाच्या पंधरवड्यात डोस कमी करायला घेऊ नका.