ईस्ट मोलीनमध्ये नदीकाठी राहावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून तीन वर्षांसाठी अमेरिकेतल्या मोलीनला बदली होत आहे, पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर येणार आहेत, आणि कचेरीतले बहुतेक जण मिसिसिपी नदीपलीकडच्या, आयोवा राज्यातल्या बेटेंडॉर्फला राहायचा सल्ला देत असले तरी तुम्हाला इलिनॉय राज्याच्या बाजूचे ईस्ट मोलीन स्वस्त आणि नदीकाठचे म्हणून आवडले आहे. पुराची भीती कितपत खरी, कर किती बसतो आणि तिथे एकटे पडू का, असे तुम्ही विचारले आहे. मी या गावात चौदा वर्षे राहतो आहे, त्यांतली पहिली तीन भाड्याच्या घरात काढली. माझे मत असे, की अवश्य राहा, नदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहा, पण नदीच्या पातळीला राहू नका. आणि पहिल्या वर्षी घर विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका.

आधी गावाची ठेवण समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. या परिसराला क्वाड सिटीज म्हणतात, म्हणजे चार शहरे, पण मोजायला गेले तर ती पाच भरतात: आयोवात डॅव्हनपोर्ट आणि बेटेंडॉर्फ, इलिनॉयमध्ये रॉक आयलंड, मोलीन आणि ईस्ट मोलीन. उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी मिसिसिपी नेमकी इथे वळण घेऊन पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे आयोवा आपल्या उत्तरेला येते आणि नवख्या माणसाला पहिले काही महिने दिशांचा पत्ता लागत नाही. ईस्ट मोलीनची वस्ती सुमारे एकवीस हजार. जॉन डीअरचा कम्बाइन हार्वेस्टरचा कारखाना १९१२ पासून इथेच आहे, आणि पुण्याच्या मगरपट्टा किंवा सणसवाडीतून आलेला मराठी इंजिनिअर इथल्या किराणा दुकानात अधूनमधून भेटतो तो त्याच कंपनीमुळे. नदीलगतच्या सपाट पट्टीत कारखाने, रेल्वेचे रूळ आणि जुनी वस्ती आहे; तिथून दक्षिणेकडे गेले की जमीन एकदम चढते आणि वरच्या सपाटीवर ॲव्हेन्यू ऑफ द सिटीज हा मुख्य रस्ता लागतो. स्ट्रीट नदीकडे उतरतात आणि ॲव्हेन्यू नदीला समांतर जातात. ॲव्हेन्यूचा आकडा जितका मोठा तितके घर नदीपासून लांब, आणि बहुतेक वेळा उंचावर, एवढे लक्षात ठेवले तरी जाहिरातीतला पत्ता वाचून निम्मे काम होते.

आता पूर. इथल्या मोजपट्टीवर पंधरा फुटांना पुराची पातळी धरतात. १९९३ च्या महापुरात पाणी २२.६३ फुटांवर गेले होते आणि २ मे २०१९ रोजी ते २२.७ फुटांवर जाऊन तो विक्रम मोडला. त्याच्या दोन दिवस आधी डॅव्हनपोर्टमध्ये उभारलेला तात्पुरता अडसर फुटून तिथली बाजारपेठ पाण्याखाली गेली. २०२३ च्या मे महिन्याच्या आरंभी पुन्हा साडेएकवीस फूट झाले. हे आकडे वाचून घाबरण्याआधी एक फरक ध्यानात घ्या. सांगली-कोल्हापूरकडे धरणाचा विसर्ग आणि पाऊस एकत्र आला की एका रात्रीत पाणी दारात येते; मिसिसिपीचा वसंतातला पूर मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमधले बर्फ वितळून येतो, त्यामुळे त्याची चाहूल कितीतरी दिवस आधी लागते आणि पाणी रोज काही इंचांनी चढताना दिसते. माणसे सहसा वाचतात, घरांचे मात्र काही सांगता येत नाही. महाराष्ट्रात निळी आणि लाल पूररेषा असते, तसा इथे केंद्र सरकारच्या फेमा या संस्थेचा नकाशा असतो. त्यातला विशेष धोक्याचा पट्टा म्हणजे दरवर्षी पूर येण्याची शक्यता निदान एक टक्का असलेली जमीन. आपल्या लाल रेषेची कल्पना जवळपास हीच. घराचा पत्ता टाकला की नकाशा फुकट दिसतो. कॅम्पबेल्स आयलंड या बेटावर घरे मोहात पाडणारी आहेत आणि तिथले लोक पाण्याची सवय करून आनंदाने राहतात, पण लहान मुलगी आणि नवी नोकरी असताना तो प्रयोग तुम्ही करू नये.

इथे दोन नद्या आहेत, हे घर दाखवणारे एजंट आपणहून सांगत नाहीत. गावाच्या दक्षिणेला रॉक नदी वाहते, आणि हिवाळ्याच्या अखेरीस तिच्यातले बर्फाचे तुकडे अडकून बांध तयार झाला की पाणी मागे फुगते. बार्स्टोसारख्या खेड्यांना त्याचा फटका वारंवार बसतो. मिसिसिपीपासून दूर जायचे म्हणून दक्षिणेकडे सरकता सरकता माणूस दुसऱ्या नदीच्या खोलगट भागात जाऊन बसतो.

माझ्या घरात मात्र पाणी आले ते या दोन्ही नद्यांचे नव्हते. भाड्याचे घर चढावर होते, नकाशात सुरक्षित होते, म्हणून मी निर्धास्त होतो. जूनमधल्या एका रात्री वादळात वीज गेली, तळघरात झिरपलेले पाणी बाहेर फेकणारा सम्प पंप बंद पडला आणि फरशीखालून झिरपणारे पाणी सकाळपर्यंत घोट्याएवढे साचले. सामानापैकी बरेचसे वाचले, पण वीस पौंडांची तांदळाची पिशवी जमिनीवरच ठेवली होती; ती फुगून शिवणीतून उसवली होती आणि पाण्याच्या तळाशी तांदूळ पसरला होता. घराच्या नेहमीच्या विम्यात यातले काही बसत नाही, हे मला त्या दिवशी कळले. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. सरकारी योजनेतून तो घेतला तर साधारणतः तीस दिवसांनी लागू होतो, म्हणजे नदी चढू लागल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. त्यात इमारतीला अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलरपर्यंत संरक्षण मिळते, पण तळघरातल्या सामानाला फारच थोडे. भाडेकरूला फक्त सामानाचा विमाही घेता येतो. गटाराचे पाणी उलटे येणे आणि पंप बंद पडणे यांसाठी नेहमीच्या विम्याला वेगळी जोड घ्यावी लागते. ती अवश्य घ्या, आणि पंपाला बॅटरी आहे का ते घरमालकाला लेखी विचारा.

स्वस्ताईचे म्हणाल तर ती खरी आहे. तीन शयनगृहांचे साधे, पन्नास-साठ वर्षांचे घर अजूनही दीड लाख डॉलरच्या आगेमागे मिळते. बेटेंडॉर्फच्या नव्या वसाहतींत त्याच्या दुपटीहून अधिक मोजावे लागतात. मात्र इलिनॉय किमतीत जे सोडते ते मालमत्ता करात वसूल करते. उदाहरण घेऊ. घराची बाजारभावाने किंमत १,६०,००० डॉलर धरली, तर कराची किंमत तिच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ५३,३०० होते. स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ६,००० ची सूट वजा जाता ४७,३०० उरतात. शाळा, गाव, काउंटी असे सगळे मिळून दर नऊ टक्के धरला तरी वर्षाला सव्वाचार हजार डॉलर, म्हणजे महिन्याला साडेतीनशेहून अधिक कर झाला. यातही एक खाच आहे. घर विकणारे आजी-आजोबा असतील, तर त्यांना ज्येष्ठ नागरिक म्हणून जादा सूट असते, आणि त्यांचे कमी कराचे बिल पाहून तुम्ही हिशेब मांडता. घर तुमच्या नावावर झाले की ती सूट जाते आणि बिल वाढते. कर एक वर्ष मागाहून भरला जात असल्यामुळे हा धक्काही उशिराच बसतो.

प्राप्तिकराबद्दल कचेरीत अनेक गैरसमज ऐकाल. इलिनॉय आणि आयोवा यांच्यात करार आहे, त्यामुळे पगारावरचा राज्याचा कर तुम्ही जिथे राहता तिथे लागतो, नोकरी नदीच्या कोणत्याही काठाला असो. इलिनॉयचा दर ४.९५ टक्के, आयोवाचा २०२५ पासून ३.८ टक्के. पुढे कधी आयोवातल्या कारखान्यात बदली झाली तर मनुष्यबळ विभागाला फॉर्म देऊन इलिनॉयचाच कर कापायला सांगावे लागते, नाहीतर परताव्यासाठी वर्ष जाते.

हे सगळे मांडल्यावरही पहिल्या वर्षी भाड्यानेच राहा असे मी म्हणतो, त्याचे कारण नदीत नाही, मक्याच्या भावात आहे. मका आणि सोयाबीन उतरले की शेतकरी नवा कम्बाइन घेणे पुढे ढकलतो आणि त्याची झळ या गावाला लगेच बसते. २०२४ च्या उन्हाळ्यात एकट्या इथल्या कारखान्यातून सुमारे २८० कामगार कमी करण्याची घोषणा झाली होती. एच-१ किंवा एल-१ या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेल्यावर दुसरी सोय करायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात घर विकले जाईलच असे नाही, कारण अशा वेळी शेजारचेही विकायला निघालेले असतात.

माणसांच्या बाबतीत मी पक्षपाती आहे, हे आधीच कबूल करतो. बेटेंडॉर्फच्या बाजूला प्लेझंट व्हॅलीच्या शाळांचे निकाल चांगले आहेत, भारतीय कुटुंबे अधिक आहेत आणि तुमच्या मुलीला पहिल्या दिवसापासून हिंदी बोलणारी मैत्रीण भेटेल. ईस्ट मोलीनच्या शाळांचे गुण त्या मानाने कमी आहेत. ते झाकण्यात अर्थ नाही. पण इथल्या वर्गात मेक्सिकन, कांगोतून आणि म्यानमारमधून आलेली मुले एका बाकावर बसतात, आणि इंग्रजी घरी न बोलणाऱ्या मुलाला कसे सांभाळायचे हे इथल्या शिक्षकांना रोजच्या कामातून ठाऊक आहे. माझा मुलगा पहिल्या वर्षी अबोल झाला होता, तेव्हा त्याचा उपयोग झाला. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणि ताजे लिंबू मेक्सिकन दुकानात भारतीय दुकानापेक्षा चांगले मिळते. गोडा मसाल्यासाठी आणि मराठी गप्पांसाठी मात्र आय-८८ महामार्गाने दोन-सव्वादोन तासांवरचे, शिकागोजवळचे नेपरव्हिल गाठावे लागते. गाडीशिवाय काही चालत नाही. शिकागोच्या रेल्वेची चर्चा मी आलो तेव्हापासून ऐकतो आहे.

एवढ्या कटकटी सांगून मी इथे का टिकलो, असे तुम्हाला वाटेल. संध्याकाळी मुलाला घेऊन मी ग्रेट रिव्हर ट्रेलवरून हॅम्पटनकडे सायकलने जातो. तिथल्या धरणाच्या पलीकडच्या टोकाला, आयोवाच्या काठाशी, लॉक नंबर १४ आहे. लॉक म्हणजे बोटींना धरणाच्या वरच्या आणि खालच्या पाण्यात चढवणारा-उतरवणारा, दारे असलेला हौद. पंधरा बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावा, एकत्र बांधलेला तांडा सुमारे बाराशे फूट लांब असतो आणि लॉकचा हौद सहाशे फूट लांबीचा, म्हणून तांडा मधोमध सोडून दोन खेपांत पार करावा लागतो. दोरखंड सोडणारी माणसे जवळून पाहायची तर पूल ओलांडून पलीकडे जावे लागते. मुलगा तासभर कठड्याला नाक लावून ते पाहत असे. जानेवारीत सगळीकडे बर्फ असताना धरणाखालचे पाणी मोकळे राहते आणि मासे पकडायला टकले गरुड तिथे जमतात. थंडी किती, तर ३१ जानेवारी २०१९ ला मोलीनमध्ये उणे ३३ फॅरनहाइटची नोंद झाली, म्हणजे उणे ३६ सेल्सिअस. त्या दिवशी गरुड पाहायला मी गेलो नव्हतो. उन्हाळ्यात नदीतून मेफ्लाय नावाचे कीटक एका रात्रीत लाखोंनी उठतात आणि सकाळी पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली त्यांचा थर झाडूने लोटावा लागतो. चावत नाहीत, पण गाडी लगेच धुवा. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजेल. ती चाचणी असते, पत्नीला आधी सांगून ठेवा.

घर पाहायला कंपनी एकदा पाठवते, ती खेप एप्रिलच्या अखेरीला मागून घ्या, कारण नदी बहुधा तेव्हाच वर असते. शक्यतो पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जा. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर नंतर पाहा, आधी तळघरात उतरा. भिंतीच्या पायथ्याशी मिठासारखी पांढरी रेघ दिसते का, नुकताच रंग फक्त खालच्या दोन फुटांनाच दिला आहे का, सम्प पंपाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतल्यावर पंप आपोआप सुरू होतो का, हे पाहा. जमिनीतून तळघरात शिरणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची तपासणी झाली असेल तर तिचा कागद मागा. आकडा चार पिकोक्युरी प्रति लिटरच्या वर असेल तर बाहेर फेकणारा पंखा बसवून देण्याची अट घाला. हे विचारल्यावर घरमालक चिडला तर ते घर सोडून द्या, चढावर तशी दुसरी घरे आहेत.