मागच्या खोलीत नेट पोचेना? कपाटातला जुना राऊटर काढा

प्रश्न : नमस्कार दादा. आमचं घर बेळगावच्या शहापुरात, जुनं कौलारू, आगगाडीच्या डब्यासारखं लांबच लांब. पुढं सोपा, मग मधलं घर, मग देवघर, स्वयंपाकघर आणि परसाकडं उघडणारी एक खोली, तीच आमची बेडरूम. फायबरचा डबा सोप्यात टीव्हीच्या वर बसवलाय, तिथं नेट मस्त पळतंय, मागं गेलं की एकच कांडी. लेक पीयूसी सेकंड इयरला (म्हणजे बारावीला) हाय, सीईटीचे व्हिडिओ लावले की नुसतं गोल गोल फिरालंय. आमच्या मालकांचं पुण्याच्या कंपनीचं काम घरातनं चालतं, मिटिंग आली की लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसतात आणि तिकडं पुण्यात सगळे कुकरच्या शिट्ट्या ऐकतात. दुकानदार म्हणतोय वायफाय पुढं फेकणारा एक्स्टेंडर घ्या. घरात पूर्वीचा टेलिफोन लाईनवरचा मोडेम आणि अजून एक दोन अँटेनांचा राऊटर पडून हाय. त्यांचं काय होतंय का, की भंगारात घालू?
एक वाचक, शहापूर

उत्तर : अक्का, भंगारात घालू नका, आणि एक्स्टेंडर पण एवढ्यात घेऊ नका. तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे की. सोप्यापासनं बेडरूमपर्यंत चार भिंती, आणि शहापूर-वडगावच्या जुन्या घरातल्या भिंती म्हणजे दीड-दोन फुटी दगड-मातीच्या, वर पावसाळ्यात चार महिने ओल धरलेल्या. वायफायला पाणी अजिबात सोसत नाही, ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल खाते. त्यात मधे लोखंडी कपाट, फ्रीज आणि आरशाचं ड्रेसिंग टेबल एका रेषेत असलं तर बघायलाच नको. अशा घरात कितीही महागाचा राऊटर सोप्यात आणून ठेवला तरी मागच्या खोलीत दिवाळी होणार नाही, भिंतीतनं वायफाय नाही वायर न्यायची असते, एवढं एकच माझं म्हणणं, बाकीचं सगळं त्याच्या पोटात येतं.

पण आधी एक तपासा. मोबाईल घेऊन फायबरच्या डब्याजवळ उभं राहून स्पीड टेस्ट करा, मग तीच टेस्ट बेडरूममधे. डब्याजवळच स्पीड पडलेला असेल तर दोष लाईनचा, तिथं जुना राऊटर काय करणार. डब्याजवळ चांगला आणि मागं पडला तरच पुढचं वाचा. सिग्नल मोजायची फुकट ॲप मिळतात, त्यात आकडा उणे येतो, उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० झालं की मिटिंगमधे बॉसचं तोंड उघडं राहून थिजतं.

आणि एक फुकटातलं. डबा टीव्हीच्या मागं, शोकेसच्या खणात कोंबलेला असेल तर आधी बाहेर काढून उंचावर मोकळ्यात ठेवा. तुम्ही वर म्हणताय म्हणजे बरं आहे, पण आमच्याकडं लोक वर क्रोशाचा रुमाल घालून पुढं गणपतीची मूर्ती ठेवतात. रुमालानं काही होत नाही, पितळेच्या मूर्तीनं होतं.

आता मुख्य काम. तुमच्याकडं दोन वस्तू आहेत, त्यातला दोन अँटेनांचा राऊटर घ्या. टेलिफोन लाईनचा मोडेमसुद्धा चालतो बरं का, त्याला मागं चार लॅन पोर्ट (नेटची वायर लावायची चौकोनी भोकं) असतील तर फोनची वायर लावायचं भोक रिकामं सोडून द्यायचं आणि नुसता वायफायचा दिवा म्हणून वापरायचा. पण लई जुना असेल आणि वायफायच्या सेटिंगमधे डब्ल्यूपीए२ हा पक्क्या कुलपाचा पर्यायच नसेल, नुसतं डब्ल्यूईपी दाखवत असेल तर तो खरंच भंगारात घाला, ते कुलूप कुणीही उघडतंय.

राऊटरचा ॲडाप्टर शोधताना सांभाळून. कपाटातल्या पिशवीत पाच-सहा ॲडाप्टर असतात, पिन सगळ्यांची बसते, पण कुठला ९ व्होल्टचा तर कुठला १२ चा. राऊटरच्या पोटाखाली स्टिकरवर लिहिलेलं असतं तेवढाच व्होल्ट लावायचा, ॲम्पिअर जास्त असला तर चालतो. मग मागं बारीक भोक असतं रिसेटचं, त्यात सुई किंवा सेफ्टी पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, दिवे एकदम लुकलुकले की जुन्या कंपनीचं, जुन्या पासवर्डचं सगळं पुसलं गेलं.

अजून सोप्यातल्या डब्याला जोडू नका. लॅपटॉप या जुन्या राऊटरलाच छोट्या वायरीनं जोडा, ब्राऊझरमधे स्टिकरवरचा पत्ता टाका, बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, युजर आणि पासवर्ड पण तिथंच लिहिलेला. आत ‘ॲक्सेस पॉईंट मोड’ (वायरीनं आलेलं नेट नुसतं वायफायनं द्यायचं) असं बटण दिसलं तर नशीब तुमचं, ते निवडा, आता सांगतो त्यातलं बरंचसं तोच करून टाकतो. नसेल तर हातानं करायचं, आणि क्रम मोडायचा नाही. पहिलं वायफायचं नाव, पासवर्ड, डब्ल्यूपीए२, आणि आत शिरायचा ॲडमिन पासवर्ड बदलून टाका, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडायची सोय) बंद. दुसरं चॅनेल, म्हणजे वायफाय ज्या पट्ट्यावर बोलतं तो नंबर. सोप्यातला डबा १ वर असेल तर हा ६ किंवा ११ वर ठेवा, हे तीनच एकमेकांच्या अंगावर जात नाहीत, २ नि ३ नि ४ वर ठेवून काही फायदा नाही. तिसरं, आणि सगळ्यात शेवटी, डीएचसीपी बंद करायचं आणि लॅनचा आयपी पत्ता बदलायचा.

हे डीएचसीपी काय ते सांगतो, कारण निम्मी लोकं इथंच आपटतात. घरातल्या प्रत्येक मोबाईलला नंबर वाटायचं काम सोप्यातला डबा करतो, लग्नात पंगतीला पानं मांडणारा एकच असतो तसं. जुना राऊटर पण जन्मजात तेच काम करणारा, त्याला गप्प केलं नाही तर दोघंही पानं मांडायला लागतात. माझी बहीण खानापूरला दिलीय, तिच्या घरी मी स्वतः घाईत हे विसरलो, जेवून रात्री बेळगावात परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासनं फोनावर फोन. दाजींचा मोबाईल चालतोय, भाच्याचा ‘कनेक्टेड पण इंटरनेट नाही’ दाखवतोय, टीव्ही कधी चालतो कधी नाही. ज्याला खऱ्या डब्यानं नंबर दिला तो सुखी, ज्याला जुन्यानं दिला तो उपाशी. परत बसनं गेलो, एक टिकमार्क काढला, संपलं. बहीण अजून ऐकवते.

पत्त्याचं असं की सोप्यातल्या डब्याचा पत्ता समजा १९२.१६८.१.१ आहे, तर जुन्याला त्याच घराण्यातला पण दुसरा द्यायचा, म्हणजे पहिले तीन आकडे तेच आणि शेवटचा वेगळा. शेवटचा आकडा डब्याच्या वाटपाच्या बाहेरचा हवा, डबा १०० ते १९९ वाटत असेल तर तुम्ही २५० द्या, भांडण नको. डबा २ पासनं २५४ पर्यंत सगळेच वाटत असेल तर त्याच्यातच जाऊन वाटप जरा आखूड करा. सेव्ह केलं की राऊटर बंद होऊन परत चालू होतो आणि जुन्या पत्त्यावर उघडत नाही, घाबरू नका, बिघडला नाही, घर बदललंय त्यानं.

आता वायर. सोप्यातल्या डब्याच्या लॅन पोर्टमधनं निघून जुन्या राऊटरच्या लॅन पोर्टमधेच जायची. वेगळ्या रंगाचा, बहुतेक निळा, जो वॅन पोर्ट (बाहेरचं नेट आत घ्यायचं भोक) असतो तो रिकामा सोडा, पुष्कळ जण सवयीनं तिथंच खुपसतात. वायर आधी अशीच जमिनीवर टाकून बघा, एक दिवस सगळ्यांना सांगा ओलांडून चाला, चाललं की मग ठोका. कॅट ५ई जातीची वायर भरपूर झाली, १०० मीटरपर्यंत ती एक गिगाबिट (हजार एमबीपीएस) ओढते आणि तुमचं घर कितीही लांब असलं तरी ३० मीटरच्या वर नसणार. फक्त दुकानात शुद्ध तांब्याची मागा, ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते ती दोनदा वाकवली की आतल्या आत तुटते. भिंतीतनं टेलिफोनची जुनी वायर गेलेली असेल तर तिची शेपटी नव्या वायरीला घट्ट बांधून दुसऱ्या टोकानं हळूहळू ओढा, पाईपमधनं आपोआप येईल, भोक पाडायला नको. जिथं दार आहे तिथं चौकटीच्या वरनं.

टोकाचा क्लिप दुकानदार बसवून देतो, पण घरी करणार असाल तर रंगांचा क्रम डावीकडनं असा : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्लिपची खिट्टी खाली धरून. दोन्ही टोकांना तोच. हिरव्याच्या जोडीत निळी जोडी घुसलेली बघून बऱ्याच जणांना वाटतं चुकलंय आणि ते ‘सरळ’ करतात, तिथंच गेलं.

एक सांगून ठेवतो, जुन्या राऊटरच्या खोक्यावर ३०० लिहिलेलं असतं पण त्याचे लॅन पोर्ट बहुतेक १०० एमबीपीएसचे. म्हणजे मागच्या खोलीत शंभरच्या आतच मिळणार, तुमचा प्लॅन दोनशेचा असला तरी. सीईटीच्या व्हिडिओला आणि मिटिंगला एवढं पुष्कळ.

नाव सारखं ठेवायचं की वेगळं? पहिले आठ दिवस वेगळं ठेवा, ‘मागची खोली’ असं, म्हणजे मोबाईल नक्की कुणाला चिकटलाय ते कळतं. मग नाव, पासवर्ड सारखं करून टाका. तरी काही मोबाईल चिवट असतात, सोप्यातला एक कांडीचा सिग्नल सोडत नाहीत, तेव्हा वायफाय एकदा बंद-चालू करायचं.

वायर शक्यच नसेल, भाड्याचं घर, मालक खिळा ठोकू देत नाही, तर जुन्या राऊटरमधे रिपीटर किंवा डब्ल्यूडीएस आहे का बघा. त्यात तो वायफायच पकडून पुढं फेकतो, पण एकाच रेडिओनं ऐकायचं नि बोलायचं म्हणून स्पीड निम्म्यावर येतो. आणि तो बेडरूममधे नाही ठेवायचा हो! तिथं मुळात सिग्नलच नाही, तो काय फेकणार. मधे, तुमच्याकडं देवघराच्या आसपास, जिथं अजून तीन कांड्या आहेत तिथं. दुकानदाराचा एक्स्टेंडर म्हणजे हेच, नव्या पैशात.

प्रश्न : आमचं निपाणीत स्लॅबचं घर, खाली ५ जी नावाचं वायफाय जोरात, वरच्या मजल्यावर ते नाव दिसतच नाही.

उत्तर : ते ५ गिगाहर्ट्झ, मोबाईलच्या फाईव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही. ते पळतं जोरात पण भिंतीत आणि सळ्यांच्या स्लॅबमधे लवकर मरतं. वर २.४ गिगाहर्ट्झवालं नाव वापरा. अँटेना बाहेर असतील तर एक आडवी करून बघा, उभी अँटेना आडवं फेकते, वर फार कमी. जिना उघडा असेल तर डबा जिन्याच्या तोंडाशी आणा.

प्रश्न : जुना अँड्रॉइड मोबाईल आहे, त्याचा उपयोग होईल का?

उत्तर : काही मोबाईलमधे वायफाय चालू असतानाच हॉटस्पॉट सुरू होतो आणि तेच वायफाय पुढं जातं, तुमच्यात होतंय का करून बघा. पाहुणे आले, दोन दिवसांची सोय, एवढ्यापुरतं ठीक. कायम चार्जिंगला लावून ठेवलात तर बॅटरी फुगते. जुना लॅपटॉप असेल तर तो बरा, विंडोज १० मधे ‘मोबाईल हॉटस्पॉट’ आहेच, वायरीनं घेऊन वायफायनं देतो.

प्रश्न : घरापासनं गोठा शंभर-सव्वाशे मीटर, तिथं कॅमेऱ्याला नेट न्यायचंय. लॅन वायर झाडावरनं टाकू का? (चंदगड रस्त्यावरचं एक गाव)

उत्तर : नको. एक तर १०० मीटरच्या पुढं लॅन वायरचा भरवसा नाही, आणि दुसरं वळीव. मी स्वतः माडीवरनं शेजारच्या खोलीत उघड्यावरनं वायर टाकली होती, चांगली वर्षभर चालली. एका मे महिन्यात संध्याकाळी ढग भरून आले, लांब कुठंतरी वीज पडली, घरावर नाही, तरी सकाळी बघतो तर राऊटरचे दोन पोर्ट आणि जुन्या टीव्हीचा एक पोर्ट कायमचे झोपलेले. तांब्याची लांब वायर उघड्यावर म्हणजे विजेला आमंत्रणच. गोठ्याला बाहेरचे समोरासमोर बसवायचे वायरलेस डबे मिळतात ते घ्या, किंवा फायबर ओढा, काचेत करंट येत नाही. कपाटातल्या सामानात हे काम होणार नाही.

प्रश्न : करंट गेला की नेट जातं, इन्व्हर्टर असून.

उत्तर : सोप्यातला डबा इन्व्हर्टरच्या प्लगवर आहे का ते बघा, बहुतेक टीव्हीच्या प्लगवर असतो आणि तो प्लग इन्व्हर्टरवर नसतो. मागचा जुना राऊटर पण विसरू नका, दोघांतला एक जरी बंद पडला तरी मागच्या खोलीत अंधारच.