वाचकांचे प्रश्न : घरी बंदूक बनवायची आहे

प्रश्न : काका, मी २४ वर्षांचा आहे, इंदूरला सुदामा नगरमध्ये राहतो. बाबांचं सांवेर रोडला लेथचं वर्कशॉप आहे, लहानपणापासून तिथेच हात काळे केलेत. अमेरिकेतले लोक घरी पार्ट जोडून स्वतःची रायफल बनवतात, रंग, दस्ता, ट्रिगर सगळं आपल्या आवडीचं लावतात, ते व्हिडिओ मी रोज बघतो. आपल्याकडे हा छंद करता येतो का? निदान स्वतःपुरती एक तरी?

उत्तर : बाळा, नाही करता येत. आणि हे मी तुला गोलगोल न बोलता सांगतोय कारण तुझ्या घरी लेथ आहे आणि तुझ्या हातात कलाही असणार, म्हणजे धोका तुलाच जास्त.

तिकडचा कायदा वेगळाय. स्वतःसाठी, विकायला नाही, अशी बंदूक बनवायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात लायसन्स लागत नाही, पण काही राज्यांत सिरियल नंबर घालावाच लागतो, आणि सहज जोडता येणारे किट म्हणजे बंदूकच, त्यावर सिरियल नंबर आणि घेणाऱ्याची चौकशी हवी असा २०२२चा नियम तिथल्या सुप्रीम कोर्टाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवला. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही.

आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा. लायसन्सशिवाय बनवणंच काय, दुरुस्त करणं किंवा बदलणंसुद्धा गुन्हा, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. शस्त्र या शब्दात पार्टही येतात आणि ते बनवायची मशिनरीही येते, तेव्हा बाबांच्या लेथवर नुसती नळी चढवलीस तरी सगळं वर्कशॉप त्यात ओढलं जाईल. खरगोन-बडवानीकडच्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या तू वाचतोसच.

कायदा बाजूला ठेव, धातूचं बघ. मी महूला बरीच वर्षं हत्यारं दुरुस्त करण्यात घालवली, एकदा एक फुटलेला कट्टा समोर आला, भुट्ट्याची पानं सोलावीत तशी नळी उलगडलेली, आणि ज्याच्या हातात होता त्याची दोन बोटं गेली होती. तुझ्या कारच्या टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असते ना, साध्या ९ एमएम गोळीचा दाब ३५,००० पीएसआयपर्यंत जातो, म्हणजे हजारपट, आणि तो तुझ्या तोंडापासून हातभर अंतरावर. कारखान्यात स्टील कोणतं, त्याला हीट ट्रीटमेंट कशी दिली, आणि शेवटी जास्त दाबाची गोळी मारून प्रूफ, हे सगळं होतं. घरी यातलं काही होत नाही, नुसती नळी दिसायला नळीसारखी होते.

आता तुझ्या हातांना काम देतो. ४.५ एमएमची एअर रायफल, २० ज्यूलच्या आतली, लायसन्सशिवाय मिळते. तिच्या स्प्रिंगला, ट्रिगरला हात लावायचा नाही, ताकद वाढवली की ती सूटमधून बाहेर पडते, काही बिघडलं तर लायसन्सवाल्या दुकानात द्यायची. पण लाकूड, म्हणजे खांद्याला टेकतो तो दस्ता, तुझं! खरं कस्टम काम तिथेच असतं, नेमबाजीत बंदूक माणसाला बसवतात, माणूस बंदुकीला नाही. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ब्राँझ आणलं, त्याच्या रायफलचा दस्ता नीट बघ, गालाची पट्टी, खांद्याचा भाग, सगळं मागेपुढे वरखाली होतं.

आधी रायफल रिकामी आहे ना ते बघ. मग डोळे मिटून ती खांद्याला लाव, गाल सहज टेकव, आणि मग डोळे उघड. नेम धरायची साइट समोर नसेल, मान वाकवावी लागत असेल, तर दस्ता तुझ्या मापाचा नाही. गालाखाली जाड फेल्टच्या पट्ट्या टेपने चिकटवत जा, दोन-दोन मिलिमीटर, पंधरा दिवस असंच वापर, आणि मान दुखायची थांबली की ते माप घेऊन लाकूड काप. पहिल्याच दिवशी करवत चालवू नकोस, सगळे तिथेच चुकतात. शिसवी आपल्याकडे सहज मिळतं, दिसायला देखणं पण जड, तरी अक्रोडाचं मिळालं तर तेच घे, हलकं आणि कोरायला गोड. फिनिशला जवसाचं तेल, म्हणजे आपलं अलसीचं, दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते, घरी उकळायचं नाही, थेंबथेंब तळहाताने गरम होईपर्यंत चोळायचं, एक दिवस वाळू द्यायचं, असे दहा हात दे. पॉलिशने ती मऊ चमक कधीच येत नाही.

आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, जवसाच्या तेलाचं फडकं वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेतं, मी स्वतः पाहिलंय. दोरीवर पसरून वाळव नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडव.