अनपेक्षित की अनभिप्रेत?

फोंड्याच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने विचारले आहे: मराठी परिसंवादासाठी लिहिलेल्या निबंधाला तिने 'रचनेच्या अनपेक्षित परिणामांची अपेक्षा' असा मथळा दिला, तो खटकतो, पण का ते कळत नाही.

खटकणारच. जे अनपेक्षित, त्याची अपेक्षा कशी ठेवणार? शिवाय मराठीतल्या 'अपेक्षे'त इच्छा मिसळलेली असते. मुलांकडून आपण अपेक्षा ठेवतो, पुराकडून नाही. पुराची खुणांवरून अटकळ बांधतो. इथे 'अटकळ' हाच शब्द हवा.

खरा घोळ मात्र 'अनपेक्षित'मध्ये आहे. आपल्या गोव्यातल्या खाजनातले, म्हणजे भरतीचे पाणी बांधाने अडवून केलेल्या सखल शेतातले, मानस पाहा. मानस म्हणजे बांधातली पाण्याची दार असलेली वाट. भरतीच्या रेट्याने त्याचे दार आपसूक मिटते, ओहोटीला उघडते. खारे पाणी भातात शिरू नये आणि पावसाचे पाणी नदीत निघून जावे, एवढ्यासाठी ते बसवलेले. पण त्याच दाराशी मासळी आणि सुंगटे (कोळंबी) गोळा होतात. तिथल्या मासेमारीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होऊ लागली, बोली चढली, आणि भरतीतही दार उघडे ठेवण्याचा मोह झाला. शेते खारावली. दार घडवणाऱ्या सुताराच्या मनात हे नव्हते, म्हणून परिणाम अनभिप्रेत. पण भात आणि मासळी एकाच दारावर अवलंबून आहेत हे बांधावर उभ्या कुळाला दिसत होते. त्याला तो अनपेक्षित कसा म्हणावा?

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांच्या १९३६ च्या निबंधाच्या मथळ्यात 'आधी न ताडलेले' अशा अर्थाचा शब्द होता. आज इंग्रजीत 'न योजलेले' या अर्थाचा रुळला आहे. दोन्हींना आपण सरसकट 'अनपेक्षित' म्हणतो, हे मला फार लागते. 'अनपेक्षित' म्हटले की रचनाकार सुटतो: कुणाला ठाऊक होते! 'अनभिप्रेत' म्हटले तर पुढचा प्रश्न उरतोच: हेतू नव्हता, मान्य, पण कुळाला विचारले होते का?

'दुष्परिणाम' इथे अपुरा, कारण न योजलेले सगळेच वाईट नसते. मानसाची मासळी कितीतरी घरांत शिजली. 'आनुषंगिक' चालेल, पण त्यात परिणाम गौण असल्याचा सूर येतो, आणि खारावलेले शेत गौण नव्हे.

मथळा असा करावा: 'रचनेच्या अनभिप्रेत परिणामांची अटकळ'. 'अनभिप्रेत' जड वाटला तर 'न योजलेल्या' लिहा. अर्थ तोच राहतो.