झाडीपट्टीत नाटक निवडू नका, ‘विनोदी’ कोण आहे ते विचारा

तुमचा प्रश्न असा: दिवाळीत पुण्याहून नागपूरला भावाकडे येणार आहात, तिथून झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, एखादं विनोदी किंवा संगीत नाटक पाहायचं आहे, सोबत सत्तरीची आई असेल. तर कोणतं नाटक निवडावं, तारखा कुठे मिळतील, रात्रभर बसवेल का, आणि लावण्या असतात म्हणे, मग आईला न्यावं का.

मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडचा. गावच्या मंडळाचा अकरा वर्षं खजिनदार होतो, म्हणजे नाटक ठरवण्यापासून सकाळी कनाती मोजून परत देण्यापर्यंत सगळं केलेलं आहे. म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, ‘विनोदी किंवा संगीत’ हे ‘किंवा’ पुण्यात सोडून या. तुमच्याकडे फार्स वेगळा, संगीत नाटक वेगळं, कौटुंबिक वेगळं. आमच्याकडे एकाच तिकिटात तिन्ही. जाहिरातीत नाव बघाल तर कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, सून, भाऊ यांतलं काहीतरी असणारच, आणि वाटेल की रात्रभर रडायचंय. रडायचंच असतं. पण दर वीस-पंचवीस मिनिटांनी विनोदी नट येऊन तुमचे डोळे पुसतो, आणि त्याच्या आगेमागे गाणं असतं. हा काही आम्ही लावलेला शोध नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त (1919) सिंधूचे हाल चाललेले असताना तळीराम हसवतोच, आणि पदंही आहेतच. आमच्या आजोबांच्या पिढीने गावोगाव देवल, खाडिलकर, गडकरी यांचीच नाटकं केली. तो साचा इथल्या मातीत बसला तो बसलाच. मुंबई-पुण्यात मागाहून तीन तासांचं, दोन तासांचं नाटक आलं. आम्ही सहा तासांवरून हललो नाही.

तेव्हा नाटक कोणतं हे विचारू नका. ‘विनोदी कोण आहे?’ हे विचारा. इथली बाई, माणसं, पोरं हेच विचारतात. पत्रकावर नायक, खलनायक, लावणी अशा नटांच्या फोटोंखाली पदव्या असतात, तिथे विनोदसम्राट, हास्यसम्राट शोधा. (सम्राट पुष्कळ आहेत, राज्य एकच.) नायकाचं काम ठरलेलं असतं, तो छाती पुढे काढून प्रमाण मराठीत बोलतो. विनोदी मात्र झाडीबोलीत बोलतो. ‘ण’ला ‘न’, ‘ळ’ला ‘र’: डोळ्याचा ‘डोरा’, काळ्याचा ‘कारा’. मांडवातल्या बाया घरी जे बोलतात तेच रंगमंचावरून ऐकू येतं, आणि तेही श्रीमंत पाटलाला टोमणा म्हणून. हशा शब्दाला असतो त्याहून जास्त त्या बोलीला असतो. तुम्हाला पहिला अर्धा तास थोडं जड जाईल. शेजारच्या बाईंना विचारा, त्या आनंदाने सांगतील, जरा मोठ्यानेच सांगतील.

गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. पाच हजारांवर प्रयोग, आठशेच्या आसपास भूमिका, असा त्यांचा हिशेब सांगतात. हा आकडा शहरातल्या लोकांना थापेसारखा वाटतो. पण दिवाळीनंतर चार-साडेचार महिने जवळजवळ रोज रात्री वेगळ्या गावात उभं राहायचं, असं तीस-चाळीस वर्षं केलं, तर तुम्हीच गुणाकार करून बघा.

आता हंगामाचं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा सगळा धानाचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास हलका धान कापून होतो, मग भारी. हातात चार पैसे येतात आणि हात रिकामे होतात, दोन्ही एकाच वेळी. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते. लेकी-जावई, सोयरे येतात, लग्नाची बोलणी होतात, ऊस-शिंगाडे-जिलेबी विकायला बसतात. दिवसा मंडई, कुठे दंडार, कुठे खडी गंमत (दोन्ही इथली लोकनाट्यं), आणि रात्री नाटक. पुढे थंडीत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पटाच्या मोठ्या गावात एकाच रात्री तीन-तीन, चार-चार नाटकं लागतात आणि सगळे मांडव भरतात. 2014च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पट बंद पडले, तेव्हा नाटकाच्या धंद्यालाही ओढ बसली. पाहुणेच येईनात, मग तिकीट घेणार कोण? डिसेंबर 2021मध्ये परवानगी मिळाली, 2023च्या मे महिन्यात घटनापीठानेही शर्यतींचा कायदा उचलून धरला, आणि पट परत आले. हे सगळं होळीपर्यंत. त्यानंतर उन्हाळा, मोहफुलं, तेंदूपत्ता, आणि निम्मे नट परत शेतकरी, मजूर, नाहीतर सलूनवाले.

नाटक कंपन्यांचं ठाणं म्हणजे वडसा, कागदोपत्री देसाईगंज. ब्रह्मपुरीकडून वैनगंगेचा पूल ओलांडला की आलंच. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी असं गाडीने तीनेक तास धरा. रेल्वेने यायचं तर गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाडीने वडशाला उतरता येतं. तिथे कंपनीच्या ऑफिसला ‘प्रेस’ म्हणतात. एक टेबल, मागे भिंतभर पत्रकं, आणि समोर तारखांची वही. पोळा झाला की गावोगावची मंडळं तिथे चकरा मारायला लागतात. आम्ही चौघं जायचो. ‘तारीख कोनती?’ हा पहिला प्रश्न, ‘विनोदी कोन?’ हा दुसरा, आणि पैशाचं बोलणं चहा झाल्यावर. इसार दिला की वहीत गावाचं नाव चढतं. नाटकाचे पैसे मंडळ देतं, तिकिटं मंडळ विकतं, तोटा आला तर तोही मंडळाचाच. फायदा झालाच तर शाळेची भिंत, देवळाचा ओटा. कंपनी आपल्या नटांना नाइटवर पैसे देते. मागणी असलेला विनोदी हंगामाच्या मध्यावर हव्या त्या तारखेला मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय त्याच कंपनीचं तेच नाटक घेतलं तर निम्मी तिकिटं पडून राहतात. हे मी वहीत आकड्यांनी पाहिलेलं आहे.

एक रात्र सांगतो. पौषातली थंडी, मांडव गच्च. साडेनऊची वेळ दिलेली, म्हणजे साडेदहाला पडदा उघडायचा. सव्वादहाला कंपनीचा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, विनोदी आणणारी गाडी आरमोरीच्या अलीकडे बंद पडलीय. कंपनीचं नाव सांगत नाही, पण एकाच गाडीत जास्त माणसं कोंबायची त्यांची जुनी खोड होती. माझ्या पोटात गोळा. दीड हजार माणूस, पुढच्या रांगेत म्हातारे, मागे पटावरून आलेली पोरं, अर्धी पिऊन ‘तयारी’त. मी म्हटलं, सुरू करा.

रंगमंचाच्या पुढ्यात वादक बसतात: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. ऑर्गनवाले म्हातारे होते, कानटोपी घालून वाजवायचे. त्यांनी नांदी जरा लांबवली. पहिला प्रवेश झाला, जिथे विनोदी यायचा तिथे त्यांनी नायिकेकडे नुसती मान हलवली आणि गाणं उचललं. तिनेही ओळखलं. कडवं दोनदा, मग तिसऱ्यांदा, मग मध्येच आलाप. कोणीतरी वन्स मोअर दिला, बहुतेक आमच्याच मंडळातला होता. मग बक्षिसं पुकारायला घेतली, अमक्याकडून शंभर, तमक्याकडून एकावन्न. बक्षीस पुकारणं एरवी मला मुळीच आवडत नाही, नाटकाचा रस जातो, पण त्या रात्री मीच खिशातून दोन नावांनी पैसे दिले. विंगेतला प्रॉम्प्टर पानं पुढे-मागे करून विनोदी नसलेले प्रवेश आधी घेत होता. सासूबाईंनी ज्या सुनेला दुसऱ्या अंकात घराबाहेर काढायचं, तिला पहिल्यातच काढलं. मांडवात कोणालाही कळलं नाही. किंवा कळलं असेल, बोललं कोणी नाही.

सव्वाबाराला मागच्या कनातीपाशी गडबड झाली. मला वाटलं पोरांची मारामारी. बघतो तर विनोदी. साधा शर्ट, मफलर, खांद्यावर बॅग, चिखलाने भरलेले बूट, आणि तो पाठीमागून माणसांमधून वाट काढत सरळ रंगमंचाकडे निघालेला. मेकअप नाही, काही नाही. वर सासू आणि नायक उभे. त्याचं काम जावयाचं होतं. खालूनच ओरडला, ‘सासूबाई, वाढून ठेवला का नाही भात? गाडी ढकलत आलो!’ मांडव जो हसायला लागला तो पाच मिनिटं थांबेना. लोकांना वाटलं एन्ट्रीच अशी बसवलेली आहे. सासू झालेल्या बाईंनी एक क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘एवढा उशीर? मी तं सुनेला बी हाकललं.’ विंगेत प्रॉम्प्टरने वही मिटून कपाळावर हात मारला. म्हाताऱ्यांनी ऑर्गनवर दोनच स्वर दिले, पण असे की पुन्हा हशा. ते वाक्य, ते दोन स्वर, कुठल्याच पानावर लिहिलेले नव्हते.

म्हणून सांगतो, यूट्यूबवरचे तुकडे बघून यायचं ठरवू नका आणि ते बघून न यायचंही ठरवू नका.

तारखांचं एकत्र वेळापत्रक मिळणार नाही, त्याच्या मागे लागू नका. नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, कुठल्याही बसस्टँडवर चहाच्या टपरीला पत्रकं चिकटवलेली असतात, त्यांचे फोटो काढा. टपरीवाल्याला विचारा, त्यालाही जायचं असतंच. भाऊबीजेनंतरचे पंधरा दिवस मंडईचे, कुठेही जा. आई सोबत आहे म्हणून मी असं करीन: पटाचं मोठं गाव टाळीन, तिथे गर्दी आणि दारू दोन्ही जास्त. एकच नाटक असलेलं मध्यम गाव धरीन.

लावण्यांचं खरं ते सांगतो. गाणं नाटकात असतं तोवर छान. पण गेल्या काही वर्षांत काही कंपन्या प्रवेश संपला की ध्वनिफितीवरचा डान्स घुसडतात, कथेशी काही संबंध नसतो, ऑर्गनवाला हात चोळत बसलेला असतो. मला त्याचा राग येतो. आम्ही ठरवताना सांगायचो, डान्स दोनच. ऐकायचे कधी, कधी नाही. तरी आईला नेण्यासारखं नक्की आहे. निम्मा मांडव बायकांचाच असतो, आज्या, सुना, मांडीवर लेकरं. डान्स लागला की त्या थर्मासमधला चहा काढतात. तुमच्या आईही काढतील.

बसण्याचं: खुर्चीचं तिकीट घ्या, महाग असलं तरी. खाली बसणारे तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरून वर चादर टाकतात, उबदार असतं, पण गुडघ्यांचं बघा. स्वेटर, शाल, कानटोपी हे सगळं खरोखरच लागतं, नदीकाठच्या गावात पहाटे दव पडून कनात ओली होते. बाथरूमची सोय मांडवापाशी नसते, हे आधीच सांगतो. मंडळाच्या माणसाला संध्याकाळीच भेटा, पुण्याहून आलोय म्हणा, कोणाचं ना कोणाचं घर उघडतं. जेवायला बसवल्याशिवाय सोडणार नाहीत, म्हणून भूक ठेवून जा. पोपटाच्या शेंगांची भाजी मिळाली तर नाही म्हणू नका.

आणि दोनच्या सुमारास झोप अनावर होईल तेव्हा उठू नका. आईंना पाठ टेकायची असेल तर त्याच घरात तासभर पडू द्या, भोंग्यावरून सगळं ऐकू येतंच. तिसऱ्या अंकात, साडेतीनच्या आगेमागे, रात्रभर हसवलेला तोच माणूस एकदा रडवतो, आणि त्या वेळी ऑर्गन नुसता सूर धरून ठेवतो.

कुठल्या तारखांना येताय ते कळवा. आमच्या गावची मंडई भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी असते. आता खजिनदार दुसरा आहे, पण दोन खुर्च्या मी सांगून ठेवू शकतो.