ग्लायकोलिपिडची पावडर घेऊ का?

प्रश्न : माझं वय ३४. वीर्यतपासणीत एकही शुक्राणू दिसला नाही. वृषणाच्या बायोप्सीच्या अहवालात ‘मॅच्युरेशन अरेस्ट’, म्हणजे शुक्राणूंची वाढ मध्येच थांबलेली, असं लिहिलंय. पेशीपटलातली ग्लायकोलिपिडं नसली की शुक्राणू बनणं थांबतं, असं वाचनात आलं. ती बाहेरून घेतली तर उपयोग होईल का? तशी पावडर विकायलाही आहे. — एक वाचक

उत्तर : पावडर घेऊ नका, हे आधी सांगते. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण ते उंदरांबद्दल आहे.

माझी उमेदीची वर्षं वीर्यतपासणीच्या प्रयोगशाळेत गेली. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणूचं डोकं दिसतं, शेपटी दिसते. वरचं पटल कशाचं बनलंय ते दिसत नाही. त्या पटलात मेदाचा भाग रुतवून साखरेचा भाग बाहेर ठेवणारे रेणू म्हणजे ग्लायकोलिपिडं. शुक्राणूत त्यांतला मुख्य रेणू सेमिनोलिपिड. त्यात गॅलॅक्टोज ही साखर असते आणि तिला सल्फेट जोडलेलं असतं. पुढे स्त्रीबीजाच्या कवचाला शुक्राणू चिकटतो, त्यातही त्याचा हात असतो.

मात्र सेमिनोलिपिड तयार होतं ते फार आधी. वृषणातल्या कोवळ्या जननपेशी अर्धसूत्री विभाजनाकडे, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाकडे, निघालेल्या असतात, तेव्हा त्यांच्या आतच दोन एन्झाइमं ते घडवतात : एक साखर जोडतं, दुसरं सल्फेट. २००२ साली जपानमधल्या होंके आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या एन्झाइमचं जनुक निकामी केलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नरांच्या जननपेशी पहिलं अर्धसूत्री विभाजन पुरं होण्याआधीच अडकल्या होत्या. माद्यांच्या प्रजननक्षमतेला धक्का लागला नव्हता. तुमच्या अहवालाशी हे चित्र इतकं जुळतं की तुमचं मन तिकडे धावलं, यात नवल नाही.

पण त्याच उंदरांची मज्जासंस्थाही बिघडली होती. मज्जातंतूंवरच्या मायलिन आवरणातला सल्फेटाइड हा मेद हीच दोन एन्झाइमं बनवतात. त्यामुळे ती पूर्ण बंद आहेत, माणूस एरवी ठणठणीत आहे आणि अडचण फक्त शुक्राणूंची आहे, ही शक्यता मला फार कमी वाटते.

उंदरावरून माणसाचं अनुमान काढताना किती जपावं लागतं, याचं याच विषयातलं एक उदाहरण आहे. मिग्लुस्टॅट हे गोशे रोगावरचं (शरीरात ग्लायकोलिपिड साचत जाणारा आनुवंशिक आजार) औषध ग्लायकोलिपिडांच्या एका मोठ्या गटाची निर्मिती रोखतं. ते दिल्यावर नर उंदरांची प्रजननक्षमता गेली आणि बंद केल्यावर परत आली, हेही २००२ मध्येच प्रसिद्ध झालं. पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी मिळणार, अशी आशा त्यातून निर्माण झाली. मग निरोगी पुरुषांना ते सहा आठवडे देऊन पाहिलं. त्यांच्या शुक्राणूंवर काहीच परिणाम झाला नाही! पुढे तर उंदरांच्याही सगळ्या वाणांत हा परिणाम सारखा होत नाही, असं दिसून आलं.

आता पावडरीबद्दल. खाल्लेली ग्लायकोलिपिडं आतड्यात पचतात, त्यांचे तुकडे होतात. ती अख्खी वृषणात जाऊन जननपेशीच्या पटलात बसत नाहीत. शिवाय त्या पेशींभोवती रक्तातल्या पदार्थांना अडवणारा एक पडदाही असतो. अशा अहवालाने हादरलेल्या जोडप्यांच्या गळ्यात डबे मारले जातात, त्याची मला मनापासून चीड आहे.

तुमचा वेळ आणि पैसा दोन रक्ततपासण्यांवर खर्च व्हायला हवा : कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, आणि वाय गुणसूत्रावरचे एझेडएफ, म्हणजे शुक्राणू बनायला लागणारे, भाग शाबूत आहेत का याची तपासणी. एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी हा भाग पूर्ण गळालेला असेल, तर वृषणातून शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते. मग शस्त्रक्रियेचा त्रास कशाला सोसायचा? फक्त एझेडएफ-सी गळालेला असेल, तर बऱ्याच जणांत शुक्राणू सापडतात. दोन्ही अहवाल चांगले आले, तर अँड्रॉलॉजिस्टना, म्हणजे पुरुषांच्या प्रजनन-तज्ज्ञांना, मायक्रो-टेसे या शस्त्रक्रियेबद्दल विचारा. त्यात सूक्ष्मदर्शकातून वृषणातल्या नलिका पाहून शुक्राणू शोधतात. बायोप्सीचा तुकडा लहान असतो, त्यामुळे एका जागी ‘अरेस्ट’ दिसला तरी दुसऱ्या एखाद्या नलिकेत शुक्राणू बनत असू शकतात. सोबत एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन या हार्मोनांचे आकडेही न्या. टेस्टोस्टेरॉन कमी आलं तरी त्याची इंजेक्शनं परस्पर सुरू करू नका, त्याने उरलीसुरली शुक्राणूनिर्मितीही दबते.